कोळ्यांचे प्रणयाराधन, बदलता अधिवास आणि उत्क्रांती : या अभ्यासाकडे वळणाऱ्यांसाठी

कोळ्यांच्या उत्क्रांतीचा अभ्यास करू इच्छिणारे बहुतेक नवे विद्यार्थी पहिल्याच भेटीत मादी नराला खाते त्याविषयी विचारतात. त्यात गैर काही नाही. पण या विषयात बराच काळ घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की अभ्यासाची सुरुवात नराच्या पायाखालच्या पृष्ठभागापासून करावी.

बहुसंख्य कोळ्यांची दृष्टी अधू असते आणि आजूबाजूची खबर त्यांना पायांवरील सूक्ष्म, चिरांसारख्या संवेदकांतून कंपनांच्या रूपात मिळते. त्यामुळे नराचा संदेश मादीपर्यंत पोहोचणार की नाही, हे त्याच्या कौशल्याइतकेच माध्यमावरही अवलंबून असते. उत्तर अमेरिकेतील शिझोकोसा या लांडगा कोळ्यांमध्ये हे फार स्पष्ट दिसते. वाळलेले पान कंपने चांगली वाहून नेते, माती आणि दगडावर ती लवकर विरतात. शिझोकोसा ओक्रिएटाच्या नराच्या पुढच्या पायांवर काळ्या केसांचे झुपके असतात आणि तो कंपनांच्या जोडीला पाय हलवूनही दाखवतो. तिच्या अगदी निकटच्या शिझोकोसा रोव्हनेरी या प्रजातीतील नराला झुपके नसतात आणि त्याचा भर कंपनांवरच असतो. प्रयोगशाळेत या दोघांचा संकर घडवता येतो, निसर्गात मात्र माद्या परक्या नराला प्रतिसाद देत नाहीत. म्हणजेच या दोन प्रजातींना वेगळे ठेवणारी गोष्ट प्रामुख्याने वर्तन आहे, आणि ते वर्तन ज्या पालापाचोळ्यावर घडते त्याचा थर, ओलावा किंवा तापमान बदलले तर संदेशाचे काय होईल, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे.

प्रत्यक्ष कामात सर्वांत आधी शिकावे लागते ते संगोपन. रानातून आणलेल्या प्रौढ मादीचे मीलन आधीच झालेले असू शकते, ती शुक्राणू शरीरात साठवून ठेवते, आणि पुष्कळदा नव्या नराला जवळ येऊ देत नाही. म्हणून शेवटची कात टाकण्यापूर्वीचे कोळी आणावेत, प्रत्येकाला स्वतंत्र डबीत ठेवावे आणि कात टाकल्याची तारीख डबीवरच लिहावी. जननांगांची पूर्ण रचना प्रौढावस्थेतच दिसते, आणि प्रजातीची खात्रीशीर ओळख बहुधा तिच्यावरच अवलंबून असल्याने, पिल्लांवरून घाईने नाव ठरवू नये.

पहिले निरीक्षण साधे ठेवावे. प्रौढ मादीला गाळणकागदावर काही तास फिरू द्यावे, मग तिला काढून त्याच कागदावर नर सोडावा. तिच्या रेशमाच्या धाग्याला स्पर्श होताच नर थबकतो, तोंडाजवळच्या स्पर्शपादांनी कागद चाचपतो आणि मादी समोर नसतानाही आराधना सुरू करतो. याच स्पर्शपादांतून तो पुढे शुक्राणू मादीला देतो. त्यासाठी तो आधी एक छोटे जाळे विणतो, त्यावर शुक्राणूंचा थेंब सोडतो आणि तो स्पर्शपादांत ओढून घेतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुस्तकातल्या आकृत्या आपोआप उलगडतात. प्रत्येक नोंदीबरोबर तापमान लिहिणे मात्र अनिवार्य आहे, कारण कोळ्यांच्या शरीराचे तापमान परिसराप्रमाणे बदलते आणि कंपनांची गतीही त्याबरोबर बदलू शकते.

आता नरभक्षणाविषयी. ऑस्ट्रेलियातील रेडबॅक कोळ्याचा नर मीलनाच्या वेळी कोलांटी घेऊन आपले पोट मादीच्या जबड्यांपुढे आणतो. मेडिअ‍ॅन आंद्रादे या संशोधिकेने 1996 मध्ये दाखवले की खाल्ल्या गेलेल्या नरांचे मीलन अधिक वेळ चालते आणि ते अधिक अंडी फलित करतात. हे आत्मसमर्पण परवडते, कारण मादीच्या शोधातच बहुतेक नर मरतात आणि दुसरी मादी मिळण्याची शक्यता अत्यल्प असते. परिसराने घातलेली ही अट वगळून नुसते नाट्य सांगणारी वर्णने मला अपुरी वाटतात.

नवख्यांनी सर्वाधिक सावध राहावे असा मुद्दा वेगळाच आहे: परिसराबरोबर बदललेली प्रत्येक गोष्ट उत्क्रांती नसते. ईशान्य ग्रीनलंडमधील पार्डोसा ग्लेशिॲलिस हा कोळी बर्फ लवकर वितळलेल्या वर्षांत आकाराने मोठा होतो, आणि हा परिणाम माद्यांमध्ये अधिक दिसतो. पण केवळ लांबलेल्या हंगामामुळे, जनुकीय बदलाशिवायही, असे घडू शकते. युरोपात उत्तरेकडे पसरलेल्या आर्जिओपे ब्रुएनिचीच्या बाबतीत मात्र वेगवेगळ्या समूहांचे जनुकीय मिश्रण आणि थंडीशी जुळवून घेतल्याच्या खुणा, दोन्ही आढळल्या आहेत. हा फरक ठरवण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे दोन्ही ठिकाणच्या माद्यांची पिल्ले एकाच परिस्थितीत वाढवणे, आणि शक्यतो दुसऱ्या पिढीपर्यंत वाढवणे, कारण आईच्या पोषणाचा प्रभाव पहिल्या पिढीत टिकून राहतो. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात बरीच पिल्ले मरतात, आणि म्हणूनच ते टाळण्याचा मोह होतो.

संख्याशास्त्र आणि जनुकीय विश्लेषण शिकावेच लागेल. ती कौशल्ये इतर विषयांतही उपयोगी पडतात, नोकरीच्या दृष्टीने ती भक्कम आधार ठरतात, आणि ती शिकवणारे लोक सहज मिळतात. मार्गदर्शक निवडताना मात्र त्यांच्या प्रकाशनांची संख्या मोजण्याआधी हे विचारावे की त्यांच्या प्रयोगशाळेत कोळ्यांच्या सलग दोन पिढ्या वाढवण्याची सोय आहे का, आणि सुट्टीच्या दिवशी त्या कोळ्यांना खाद्य कोण घालते.