एक्स्ट्रुडेड पार्टसाठी पितळ-तांबं निवडताना या चुका टाळा

ड्रॉइंगवर नुसतं ‘ब्रास’ लिहून ऑर्डर सोडू नका. मग हाताशी असेल तो रॉड येतो, आणि तो बहुधा फ्री-कटिंग, म्हणजे यंत्रावर सहज कापला जाणारा असतो. त्यातल्या साधारण ३ टक्के शिशामुळे चिप बारीक तुटते, लेथ झरझर चालतो. पण शिसं पितळात विरघळत नाही, ठिपक्याठिपक्यांनी विखुरलेलं राहतं. त्यामुळे तोच पार्ट पुढे वाकवला किंवा ठोकून पसरवला की कडेला चिरा पडतात.

५८ टक्क्यांच्या आसपास तांबं असलेलं पितळ एक्स्ट्रुजनवाल्यांचं (तापलेला धातू डायच्या छिद्रातून ढकलून आकार देणाऱ्यांचं) लाडकं. त्यातली बीटा फेज (जास्त जस्त असलेली स्फटिकरचना) तापल्यावर मऊ होते, किचकट प्रोफाइलही डायमधून निघतो. मात्र क्लोराइडयुक्त पाण्यात आधी खाल्ली जाते तीही हीच. जस्त निघून जातं, लालसर, सच्छिद्र तांबं उरतं. फिटिंग वरून शाबूत दिसतं. पाना लावला की कळतं. पाण्यासाठी डीझेडआर, म्हणजे जस्त निघून जायला विरोध करणारी ग्रेडच घ्या.

टर्मिनलसाठी पितळ घेताना लक्षात ठेवा: त्याची वाहकता तांब्याच्या जेमतेम पाव. शुद्ध तांबं मात्र टूलला चिकटतं. टेल्युरियम कॉपर महाग असलं तरी शुद्ध तांब्याच्या ९० टक्क्यांच्या वर वाहकता देतं आणि सुरेख कापलं जातं. ईटीपी तांब्यावर (थोडा ऑक्सिजन असलेलं नेहमीचं विद्युत तांबं) गॅसच्या ज्योतीने ब्रेझिंग, म्हणजे भरण-धातू वितळवून जोड देणं, टाळा. त्यातल्या ऑक्सिजनशी ज्योतीतल्या हायड्रोजनचा संयोग होऊन आत वाफ तयार होते आणि धातू ठिसूळ होतो. तिथे ऑक्सिजनमुक्त किंवा फॉस्फरस-डीऑक्सिडाइज्ड तांबं मागा.

सर्वांत चकवणारी तक्रार म्हणजे तपासणीत पास झालेला नट खोक्यातच तडकणं. अशा वेळी ‘माल भेसळीचा’ म्हणून सप्लायरशी भांडण होतं. माझ्या मते बऱ्याचदा विनाकारण. कोल्ड ड्रॉइंगचा (रॉड थंड असताना डायमधून ओढण्याचा) ताण आत शिल्लक असतो, त्याला ओलसर हवा आणि अमोनिया भेटला की लांबट चीर पडते. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवलेली पितळी काडतुसं अशीच फुटत. त्यामागचं कारण १९२१ साली स्पष्ट झालं. उपाय सोपा: अंतिम ड्रॉइंगनंतर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियसला स्ट्रेस रिलीव्ह (तापवून आतला ताण काढणं) करून घ्या आणि तसं पीओवर, म्हणजे खरेदी ऑर्डरवर लिहा. नट जास्त आवळला तर मात्र ताण पुन्हा येतो. आणि अमोनियावर चालणाऱ्या शीतगृहात पितळ नकोच, स्टील वापरा.