हातापायाची दुखापत : निदान आणि उपचारातील या चुका टाळा

संक्रांत आली की नागपूरच्या गच्च्या पतंग उडवणाऱ्यांनी भरून जातात आणि त्याच आठवड्यात गच्चीवरून, जिन्यावरून किंवा कुंपणाच्या भिंतीवरून पडलेली मुले आमच्याकडे येऊ लागतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका जानेवारीत नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई पहाटेच दवाखान्यात आली. कोपराच्या लगेच वर दंडाचे हाड मोडले होते, आदल्या दुपारी दुसरीकडे पक्के प्लास्टर घातलेले होते आणि एक्स-रेवर हाड बऱ्यापैकी जागेवर दिसत होते. "डॉक्टरसाहेब, रात्रभर याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. प्लास्टर नवं आहे, दोन दिवस दुखणारच, असं सांगितलं होतं तिकडे," आई म्हणाली.

मुलाची बोटे सुजून ताठ झाली होती आणि अर्धवट मुडपलेली होती. मी मधल्या बोटाचे टोक धरून ते अगदी हळू सरळ करू लागताच त्याने किंकाळी फोडली. प्लास्टर आणि त्याखालचा कापूस कातडीपर्यंत उभा कापला, फार वाकवलेले कोपर थोडे मोकळे केले, तेव्हा कुठे मनगटाची नाडी तपासता आली. ती लागत होती. अर्ध्या तासात वेदना उतरू लागल्या, बोटे हलू लागली, त्यानंतर दिवसभर दर तासाला हात तपासला आणि पुढे हाड तारांनी स्थिर केले. त्या आईने सकाळ होण्याची वाट पाहिली असती तर त्या हाताची मूठ कदाचित कायमची आखडली असती.

हातापायाच्या दुखापतीतल्या बहुतेक मोठ्या चुका यंत्रसामग्री नसल्यामुळे होत नाहीत. एक्स-रे हाती आला की आपण हाताकडे पाहणे थांबवतो, म्हणून त्या होतात. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी मनगटाच्या अस्थिभंगाचे आणि मिलानच्या माँतेज्जिया यांनी कोपराजवळच्या एका फसव्या दुखापतीचे वर्णन १८१४ मध्ये केले, म्हणजे राँटजेन यांना १८९५ मध्ये क्ष-किरण सापडण्याच्या ऐंशीहून अधिक वर्षे आधी. त्यांच्याकडे डोळे आणि बोटे एवढेच होते, तरी त्यांची वर्णने आजही शिकवली जातात.

नाडी लागते म्हणून निश्चिंत राहणे

हातातले आणि पायातले स्नायू घट्ट, न ताणणाऱ्या आवरणाच्या कप्प्यांत बसलेले असतात. हाड मोडले की रक्तस्राव आणि सूज यांमुळे कप्प्यातील दाब वाढतो, आणि वरून प्लास्टर आवळलेले असेल तर सुजेला बाहेर पडायला जागाच उरत नाही. हा दाब आधी बारीक रक्तवाहिन्यांतील प्रवाह बंद करतो, मोठी रोहिणी मात्र वाहत राहते. त्यामुळे नाडी चांगली लागत असतानाही आतला स्नायू उपाशी मरत असतो. साधारण सहा तासांनंतर ही हानी भरून न येणारी होऊ लागते आणि पुढे बोटे पंजासारखी आखडतात. जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी या विकृतीचे वर्णन एकोणिसाव्या शतकातच केले आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

म्हणून दोन गोष्टी नाडीपेक्षा अधिक महत्त्वाच्या मानाव्यात. पहिली, दुखापतीच्या मानाने फारच जास्त असणारी आणि वेदनाशामक देऊनही वाढत जाणारी वेदना. दुसरी, बोटे दुसऱ्याने सरळ केली की उठणारी तीव्र कळ. बधिरपणा, फिकटपणा आणि नाडी जाणे ही उशिराची लक्षणे आहेत. त्यांची वाट पाहणे हीच चूक. लहान मूल नीट सांगू शकत नाही, ते फक्त अधिकाधिक चिडचिडे होते आणि औषधाचा डोस पुन्हा पुन्हा मागावा लागतो, हे आईवडिलांनी लक्षात ठेवावे. अशा वेळी पट्टी आणि प्लास्टर पूर्ण मोकळे करावे व हात छातीच्या पातळीत ठेवावा. एरवी सुजेसाठी हात उंच ठेवणे योग्यच असते, पण दाब वाढल्याची शंका असताना तो उंच टांगला तर स्नायूंना मिळणारे रक्त आणखी घटते. एवढे करूनही वेदना उतरली नाही तर आवरण चिरून कप्पे मोकळे करण्याची शस्त्रक्रिया त्याच तासात ठरवावी लागते. मोजमाप उपलब्ध असेल तर कप्प्यातील दाब आणि रुग्णाचा खालचा रक्तदाब यांतील फरक ३० मिलिमीटर किंवा त्याहून कमी असणे ही धोक्याची खूण मानतात. पण लक्षणे स्पष्ट असताना यंत्र शोधण्यात वेळ घालवू नये.

गावाकडे मोडलेल्या हाताला बांबूच्या कामट्या आवळून बांधण्याची पद्धत अजून आहे, आणि तिचा परिणाम नेमका हाच होतो. गडचिरोली-गोंदियाकडून तीन-चार तासांचा प्रवास करून रुग्ण नागपूरला पोहोचतो, तोवर आवळलेल्या कामट्यांखाली स्नायू काळे पडलेले असतात. हाडवैद्यावर श्रद्धा असलेल्या माणसाला हिणवून काही साधत नाही. बांधलेल्या हाताची बोटे दर तासाला पाहा आणि वेदना वाढली तर गाठ सोडा, एवढे त्याच्या घरच्यांना पटवून दिले तरी हात वाचू शकतो. कोपराच्या ताज्या दुखापतीवर मालिश मात्र कोणीच करू नये, कारण त्यामुळे स्नायूत हाड तयार होऊन सांधा जखडतो.

'एक्स-रे नॉर्मल आहे' यावर थांबणे

हिंगणा औद्योगिक वसाहतीत काम करणारा एक तरुण दुचाकीवरून हातावर पडला. मनगट लचकले असे समजून त्याने क्रेप बँडेज बांधले, एक्स-रेही नॉर्मल आला, आणि चार महिन्यांनी पाना पिळताना मनगटात कळ येते म्हणून तो माझ्याकडे आला. त्याचे स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड मोडलेले होते आणि जुळलेले नव्हते. या हाडाला रक्तपुरवठा बोटांकडच्या टोकातून येतो, त्यामुळे मधोमध भेग पडली की कोपराकडच्या तुकड्याचे रक्त तुटते. पहिल्या दिवशीच्या एक्स-रेवर ही भेग अनेकदा दिसत नाही.

अंगठा ताणून वर उचलला की त्याच्या बुडाशी, मनगटाच्या बाजूला, दोन शिरांमध्ये एक खळगी दिसते. पडल्यानंतर त्या खळगीत बोट दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे काहीही सांगो, मनगट आणि अंगठा स्थिर ठेवावा, स्कॅफॉइडसाठीचा खास एक्स-रे काढावा आणि १० ते १४ दिवसांनी तपासणी व एक्स-रे पुन्हा करावा, किंवा एमआरआय करून निकाल लगेच लावावा. त्या तरुणाला शस्त्रक्रियेत खुब्याच्या हाडाचा तुकडा काढून मनगटात बसवावा लागला. सुरुवातीलाच निदान झाले असते तर बहुधा साध्या प्लास्टरवर भागले असते.

वृद्धांच्या बाबतीत हीच चूक खुब्यात होते. न्हाणीघरात घसरलेली आजी दोन दिवस चालत असते, जांघेत किंवा गुडघ्यात दुखते म्हणते, आणि गुडघ्याचा एक्स-रे काढून तिला संधिवाताच्या गोळ्या दिल्या जातात. खुब्याची वेदना गुडघ्यात जाणवू शकते, आणि मांडीच्या हाडाच्या मानेचा एकमेकांत रुतलेला अस्थिभंग चालू देतो. मग एके दिवशी तुकडे सरकतात आणि पाय आखूड होऊन बाहेर वळतो. पडल्यानंतर गुडघा दुखणाऱ्या प्रत्येक वृद्धाचा खुबा फिरवून पाहावा.

याच्या उलट, घोटा मुरगळला की सरसकट एक्स-रे काढण्याची गरज नसते. १९९२ मध्ये ओटावा येथे तयार झालेले नियम इथे उपयोगी पडतात: घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर, खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये दाबून दुखत नसेल आणि रुग्ण चार पावले चालू शकत असेल, तर घोट्याचे हाड मोडलेले असण्याची शक्यता फारच कमी असते.

एकच बाजू, एकच सांधा

एक्स-रे नेहमी दोन बाजूंनी काढावा आणि त्यात मोडलेल्या हाडाच्या वरचा व खालचा असे दोन्ही सांधे यावेत. हे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते, तरी रात्रीच्या गर्दीत तेच सुटते. मुलाच्या पुढच्या हातातील फक्त अल्ना हे हाड मोडलेले दिसले आणि चित्रात कोपर आलेच नाही, तर शेजारच्या रेडियसचे डोके कोपरातून निखळलेले आहे हे कळत नाही. माँतेज्जियांनी वर्णन केलेली दुखापत ती हीच. रेडियसच्या मध्यातून काढलेली रेष प्रत्येक चित्रात दंडाच्या हाडाच्या गोलाकार टोकावर पडली पाहिजे, एवढे तपासले तरी ती सुटत नाही. फिट किंवा विजेचा धक्का यानंतर मागच्या बाजूला निखळलेला खांदा समोरून काढलेल्या चित्रात जागेवर असल्यासारखा दिसतो. हात बाहेर फिरत नाही, ही खूण हातानेच कळते. महामार्गावरच्या अपघातात मांडीचे हाड मध्ये मोडले असेल तर त्याच हाडाची खुब्याकडची मानही मोडलेली असू शकते, आणि मांडीच्या ठळक दुखापतीपुढे तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

गुडघा पूर्ण निखळला असेल आणि तो आपोआप जागेवर बसला असेल तर ही दुखापत फारच धोकादायक ठरते, कारण मागची रोहिणी फाटलेली असू शकते. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब हे प्रमाण ०.९ पेक्षा कमी आले तर रक्तवाहिन्यांची तपासणी तातडीने करावी.

घटनास्थळी आणि वाटेत

हाड कातडी फाडून बाहेर आले असेल तर जखमेवर हळद, कॉफी किंवा माती लावू नये आणि हाड आत ढकलू नये. स्वच्छ ओल्या कापडाने जखम झाकावी, पाय आहे त्या स्थितीत दुसऱ्या पायाला किंवा पुठ्ठ्याला बांधावा आणि १०८ ला फोन करावा. अशा जखमेत प्रतिजैविक जितके लवकर मिळेल, शक्यतो पहिल्या तासातच, तितका संसर्ग टळतो. म्हणून रुग्णाला पुढे पाठवणाऱ्या डॉक्टरांनी पहिला डोस आणि धनुर्वाताची लस देऊनच पाठवावे. बोटातली अंगठी आणि बांगड्या सुजेआधी काढाव्यात. रुग्णाला वाटेत चहा-दूध पाजू नये. पोट रिकामे नसेल तर भूल देणे लांबते.

सोयाबीनच्या मळणी यंत्रात किंवा कारखान्यातल्या प्रेसमध्ये बोट तुटले तर लोक ते सरळ बर्फात टाकून आणतात आणि पेशी गोठून ते निकामी होते. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी.

शस्त्रक्रियेत आणि नंतर

सांध्याच्या आत गेलेल्या अस्थिभंगात पृष्ठभाग तंतोतंत जुळवावा लागतो, पण मांडीच्या किंवा नडगीच्या मधल्या भागात लांबी, सरळपणा आणि पीळ (हाड स्वतःभोवती किती फिरले आहे ते) एवढे बरोबर असले की पुरते. तिथे प्रत्येक तुकडा नीट बसवण्याच्या नादात हाडावरचे आवरण आणि स्नायू खरवडले जातात, आणि ज्या रक्तावर हाड जुळायचे तेच तुटते. आत सळई घालताना पीळ चुकणे ही दुसरी चूक; टेबलावरून रुग्ण उतरण्याआधी दोन्ही पाय शेजारी ठेवून पावले पाहावीत. खुब्याच्या अस्थिभंगात मांडीच्या हाडाच्या डोक्यात बसवलेल्या स्क्रूचे टोक डोक्याच्या शिखरापासून किती दूर आहे ते दोन्ही चित्रांत मोजून बेरीज २५ मिलिमीटरच्या आत ठेवली, तर स्क्रू हाड चिरून बाहेर येण्याचा धोका बराच घटतो. मनगटाच्या शस्त्रक्रियेत एक्स-रे सुंदर आला तरी स्क्रू सांध्यात शिरलेला नाही ना, हे वेगवेगळ्या कोनांतून पाहिल्याशिवाय टाके घालू नयेत.

घरी गेल्यावरची सर्वांत मोठी गैरसमजूत अशी की सळई टाकली म्हणजे पाय पक्का झाला. धातू ठराविक काळच भार पेलतो. हाड जुळण्याआधी तो थकला तर तोही मोडतो. म्हणून किती वजन टाकायचे हे विचारून घ्यावे. खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) आणि विडी-सिगारेट यांबद्दल मी प्रत्येक रुग्णाला स्पष्ट सांगतो की निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि धूम्रपान करणाऱ्यांची हाडे जुळायला उशीर लागतो. मे महिन्यात प्लास्टरखाली घाम येऊन खाज सुटली की विणकामाची सुई आत घालण्याचा मोह होतो. त्या ओरखड्यातून झालेला संसर्ग महिनाभर दिसत नाही. त्याऐवजी पंख्याची थंड हवा सोडावी. आणि प्लास्टर मनगटाला असेल तर बोटे, कोपर आणि खांदा पहिल्या दिवसापासून दर तासाला हलवत राहावे, कारण मनगट जुळूनही आखडलेला खांदा घेऊन परत येणारे रुग्ण मला दर आठवड्याला भेटतात.