चांदीतला शिंपला चिंचेनं घासू नका

आमच्याकडं लातूरला दसरा-दिवाळी आली की घरातली चांदी काढून चिंचेनं घासतात, आत्यानं तसंच मदर ऑफ पर्लचं पेंडंट पण भांड्यांसोबत घासलं आणि त्याची चमक जी गेली ती परत आलीच नाही. म्हणून हे लिहितोय.

मदर ऑफ पर्ल म्हणजे मोत्याच्या शिंपल्याचा आतला थर. त्यात साधारण 95 टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे खडूच्याच जातीचं, आंबट लागलं की विरघळतं. त्याच्या एकावर एक चढलेल्या पापुद्र्यांची जाडी जेमतेम अर्धा मायक्रॉन, त्यांच्यावरून प्रकाश परततो तेव्हा ते गुलाबी-हिरवं दिसतं, तो काही रंग लावलेला नसतो. वरचे पापुद्रे खाल्ले गेले की सगळं पांढरट पडतं. चिंच, लिंबू, व्हिनेगर काहीच नको, आणि सोनाराकडच्या दागिने धुवायच्या अल्ट्रासोनिक मशीनमध्ये तर टाकूच देऊ नका.

तुळजापूरला आराधी घालतात त्या माळेतल्या कवड्या पण शिंपल्याच्याच नात्यातल्या, पण त्यांच्यावर चिनी मातीसारखी झिलई असते, इंद्रधनुष्य दिसत नाही, म्हणून त्या खोट्या असं समजू नका. आंबटाचा त्रास मात्र त्यांना पण तेवढाच.

आता घेताना काय बघायचं. मोबाईलचा टॉर्च लावून दागिना हळूहळू तिरका करा, खऱ्यात रंग सरकत जातात आणि दोन तुकडे कधी हुबेहूब सारखे नसतात, प्लास्टिकचे मात्र सगळे एकसारखे. गालाला लावला तर खरा गार लागतो. मग कड बघा, ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कारण खूपदा वर शिंपल्याची पातळ चकती आणि खाली रेझिन चिकटवलेलं असतं, त्याचा जोड बाजूनंच दिसतो. भडक गुलाबी किंवा जांभळा असेल तर भोकापाशी, भेगेत बघा, लावलेला रंग तिथं गडद साचतो. निळा-हिरवा अबालोन (एका समुद्री गोगलगायीचा शिंपला) मात्र मुळातच तसा असतो. गरम सुई टोचून बघा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, खरा माल उगाच खराब होतो.

शिंपला मऊ असतो, कडकपणा मोजायच्या मोह्स मापात साडेतीनच्या आसपास, आणि आपल्या धुळीतल्या वाळूचे कण 7 चे, म्हणून कोरड्या फडक्यानं कचाकचा पुसलं की ओरखडे पडतात. आधी धूळ फुंकून घ्या, मग ओल्या मऊ सुती कापडानं पुसा, लगेच कोरडं करा. अत्तर, केसांचं तेल, पावडर आधी आणि दागिना सगळ्यात शेवटी. उन्हाळ्यात घामाचा हात लागला की घरी आल्या आल्या पुसा, आणि ठेवताना वेगळ्या मऊ पिशवीत, सोन्याच्या बांगड्यांसोबत एकाच डब्यात नको.