जुन्या तळ्यात पुन्हा मासे सोडताना : सोलापूर भागासाठी मे ते ऑक्टोबरचा सल्ला

पावसाळ्यात हजारोंनी मत्स्यबीज सोडलं आणि मार्चमध्ये जाळं ओढलं तर पंजाएवढी चिलापी (तिलापिया) आणि चार मरळी निघाल्या, हे गाऱ्हाणं जिल्ह्यात दर उन्हाळ्याला ऐकू येतं. पहिला संशय बीजावर जातो. बहुतेक वेळा बीज चांगलंच असतं, पण ते तळ्यातल्या जुन्या माशांच्या पोटात गेलेलं असतं. इंचभर बीज म्हणजे मरळ, शिवडा आणि शिंगाळ्याचा खाऊ. म्हणून आत आहे ते आधी काढायचं, आणि नवं सोडायचं ते चार बोटं लांब झाल्यावरच.

आधी तळं कोणतं ते बघा. पाझर तलाव पाणी मुरवण्यासाठीच बांधलेला असतो. डिसेंबरात त्याचा तळ दिसत असेल तर तिथे मासळीचा नाद सोडा. हस्ताच्या पावसानंतर निदान सात महिने पाणी टिकतं, मार्चअखेर कंबरभर तरी उरतं, असं तळं निवडा. तळं ग्रामपंचायतीचं किंवा सरकारी असेल तर ठराव, ठेका आणि मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी हे कागद मे महिन्यातच पुरे करा. बीज सोडल्यावर हक्काचा वाद निघाला की मासे दोघांनाही मिळत नाहीत.

पाणी आटल्यावर वरचा काळा, वास येणारा गाळ काढा. तो शेतात सोनं आहे, तळ्यात मात्र विष. कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो आणि ढगाळ दिवसांत मासे मारतो. पण जेसीबीवाल्याला मोकळं सोडू नका. आपल्याकडे चिकण काळ्या थराखाली लगेच मुरूम लागतो. मुरूम उघडा पडला की भरलेलं तळं दिवाळीपर्यंत गळून जातं. बकेटला पिवळट-लालसर खडा दिसायला लागला की तिथे खोदाई थांबवा. वेड्या बाभळीचे खुंटही आताच मुळासकट काढा, नाहीतर पुढे प्रत्येक ओढीला जाळं फाटेल. मग टाच रुतणार नाही इतका तळ उन्हात तापू द्या आणि कुळवाची एक हलकी पाळी द्या. खोल नांगरट नको.

आता मधलं डबकं. सगळं तळं सुकलं तरी एका खळग्यात गढूळ पाणी राहतं, आणि पुढच्या वर्षाची सगळी डोकेदुखी त्यातच लपलेली असते. आधी बारीक आसाचं (छिद्रांचं) जाळं तीन-चार वेळा ओढा. गावठी लहान मासे निघाले तर ते पिंपात घालून दुसऱ्या पाण्यात नेऊन सोडा. ते निष्कारण मारू नका. चिलापी मात्र एकही मागे ठेवू नका. पकडलेल्या मादीचं तोंड उघडून पाहा, टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं बाहेर पडतात. ती अंडी आणि पिल्लं तोंडातच सांभाळते, त्यामुळे एक मादी राहिली तरी तळं पुन्हा चिलापीनं भरतं.

उरलेल्यासाठी मोहाची पेंड. हिशेब सोपा आहे: लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये, आणि दर घनमीटरला 250 ग्रॅम पेंड. डबकं 20 मीटर लांब, 15 मीटर रुंद, सरासरी 60 सेंटिमीटर खोल असेल तर पाणी 180 घनमीटर, पेंड 45 किलो. पेंड रात्रभर भिजत घाला, सकाळी ऊन चढल्यावर सगळीकडे सारखी शिंपडा आणि वरून जाळं ओढून पाणी ढवळा. काही तासांत मासे वर येतात. ते खायला चालतात. पेंडीचा विषारीपणा पंधरा ते वीस दिवसांत उतरतो, नंतर तिचं खतच होतं. तोवर जनावरांना तिथे पाणी पाजू नका. पेंड मिळाली नाही तर ब्लीचिंग पावडर दर घनमीटरला 35 ग्रॅम, म्हणजे याच डबक्याला 6.3 किलो. पावडर ताज्या पुड्याची हवी. उघड्या पोत्यातली क्लोरीन उडून गेलेली असते. तिचा असर सात-आठ दिवसांत जातो. कीटकनाशक टाकून मासे मारायचा आगाऊपणा कोणी सुचवला तर सरळ नाही म्हणा.

एवढ्यानं मरळ संपते असं नाही. ती हवेतूनही श्वास घेते आणि चिखलात दबून राहते. डबक्याचा चिखल फावड्यानं उलथून बघाच. आणि पंधरा-वीस एकरांचं, कधीच न आटणारं पाणी असेल तर पेंडीचा विचारही करू नका. तिथे खर्च परवडत नाही आणि चांगले मासेही जातात. अशा ठिकाणी वारंवार जाळं ओढून मोठे शिकारी मासे कमी करणं आणि बोटुकली (बोटाएवढं वाढवलेलं बीज) आणखी मोठी करून सोडणं एवढाच मार्ग आहे.

चुन्याबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. कोकणातली शिफारस वाचून इथेही हेक्टरी पाचशे किलो चुना ओतला जातो. सोलापूरची काळी जमीन मुळात चुनखडीची. सामू तपासल्याशिवाय चुन्याचं पोतं फोडू नका. सामू 6.5 ते 7.5 असेल तर हेक्टरी 500 किलो, 7.5 ते 8.5 असेल तर 200 किलो पुरे, आणि 8.5 च्या वर चुना नकोच. वरच्या सामूत पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो, म्हणजे चुन्यावर पैसे घालून मासे गुदमरवायचे.

पाणी येण्याआधी दोन तोंडं बांधा. ओढ्याकडून पाणी शिरतं तिथे बांबूची तट्टी आणि मागे बारीक आसाची नायलॉन जाळी, म्हणजे वरच्या तळ्यांतली चिलापी पुरात उतरणार नाही. सांडव्यावरही जाळी हवी. पाणी वाहायला लागलं की रोहू-कटला प्रवाहात चढतात आणि एका रात्रीत निघून जातात. जाळी सरळ उभी न लावता तिरकी लावा. पहिल्या पुरात पाचट आणि काटक्या अडकतात. जाळी तुंबली तर पाणी बांधावरून जातं आणि बांधच फुटतो. म्हणून मोठ्या पावसाच्या रात्री तिथे माणूस हवा.

आता वेळेचं गणित. आपला पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला भरवशाचा वाटा सप्टेंबरचा. मृगाच्या सरींनी तळ भिजतो, भरत नाही. खरं पाणी उत्तरा-हस्तात येतं. बीज मात्र जुलै-ऑगस्टमध्ये मिळतं. घोटाभर पाण्यात ते सोडलं तर ऊन आणि बगळे मिळून संपवतात. म्हणून मधले दोन-तीन महिने बीज वेगळ्या खड्ड्यात वाढवा.

एक एकराच्या तळ्याला हेक्टरी 4,000 या हिशेबानं 1,600 बोटुकली लागतात. वाढवताना शंभरातले साठ-पासष्ट जगतात असं धरलं तर 2,500 बीज आणा. त्याला विहिरीजवळचा एक गुंठ्याचा, मीटरभर खोल खड्डा पुरतो. बोअरचं पाणी सोडत असाल तर उंचावरून दगडावर पडू द्या. जमिनीतून येताना त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. बीज सोडण्याच्या आदल्या दिवशी, वारा नसताना, 560 ग्रॅम स्वस्त खाद्यतेल आणि 180 ग्रॅम साबण कोमट पाण्यात घोटून खड्ड्यावर पसरा. तवंगाखाली पाणकिडे गुदमरतात. हे केलं नाही तर बीज किड्यांच्या तावडीतून क्वचितच सुटतं. खाद्य म्हणजे शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समभाग, बारीक चाळून. पहिल्या आठवड्यात रोज 60-70 ग्रॅम, पुढे वाढेल तसं. जास्त टाकलेलं तळाशी सडतं.

बीज घेताना मोजून घ्या आणि एक परीक्षा करा. बादलीत काही बीज घेऊन पाणी हातानं गोल फिरवा. तजेलदार बीज प्रवाहाविरुद्ध पोहतं, कमजोर मधोमध गोळा होतं. पाठीवर लांब काटेरी पर आणि त्या परावर काळा ठिपका दिसला तर ती चिलापी. सगळी पिशवी परत करा. थायलंडी मांगूर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. त्याच्यावर बंदी आहे, आणि तो तळ्यात शिरला की बाकी काही उरत नाही.

तळ्यात मीटर-दीड मीटर पाणी झालं की बोटुकली सोडायच्या आधी पंधरा दिवस एकराला 800 किलो शेण काठाकाठानं ढिगांत टाका. गावाचं सांडपाणी आणि म्हशींचं धुणं आधीच येत असेल तर शेण अजिबात नको. पाण्यात हात घाला. कोपर बुडाल्यावर तळवा दिसेनासा होत असेल तर माशांचं नैसर्गिक खाद्य तयार आहे. मनगटापाशीच दिसेनासा झाला तर शेण थांबवा.

एकरी 1,600 मध्ये 640 कटला, 480 रोहू, 480 मृगळ हे प्रमाण बसतं. पाणी उथळ आणि तळ चिखलाचा असेल तर कटला थोडा कमी करून मृगळ वाढवा. तळाशी हायड्रिला हे पाणगवत माजलं असेल तर रोहूतून पन्नास-साठ कमी करून तेवढे गवत्या (ग्रास कार्प) घाला; जलपर्णी मात्र गवत्याच्या भरवशावर सोडू नका, ती हातानंच काढावी लागते. सायप्रिनस (कॉमन कार्प) बांध पोखरतो आणि पाणी गढूळ करतो, म्हणून मातीच्या जुन्या बांधाला आम्ही तो सुचवत नाही.

सोडण्याआधी दहा-पंधरा बोटुकल्या तळ्यातच जाळीच्या टोपलीत चोवीस तास ठेवून बघा. त्या जगल्या तर बाकीच्या सकाळी लवकर आणा. पिशवी बंदच पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या, मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घाला आणि पिशवी आडवी करा. मासे आपणहून बाहेर जातील. उलटी करून ओतलेली बोटुकली तापमानाच्या धक्क्यानं दोन दिवसांनी काठाला लागते. मग काठावर बाभळीच्या काटेरी फांद्या बुडवून ठेवा. रात्री चोरून पाग टाकणाऱ्याचं जाळं त्यांत अडकतं.

पुढची काळजी मुख्यतः दोन गोष्टींची. सलग ढगाळ हवेत पहाटे मासे तोंड वर काढून हवा गिळताना दिसले तर खाद्य आणि शेण त्याच दिवशी बंद, आणि मोटार लावून तळ्याचंच पाणी फवाऱ्यानं तळ्यात पाडा. दुसरी गोष्ट शेजारच्या डाळिंबाची आणि द्राक्षाची. बोर्डो मिश्रणातलं तांबं आणि पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माशांना फार थोड्या प्रमाणातही मारतात. फवारणीचा ब्लोअर तळ्यावर धुवायला आणू देऊ नका.

मासे शंभर ग्रॅमचे झाले की पेंड-कोंडा वजनाच्या 2 टक्के द्या, म्हणजे 1,500 मासे जगले असतील तर रोज 3 किलो, ठरल्या वेळी, ठरल्या जागी. थंडीत अंगावर लाल फोड दिसले तर सिफॅक्स हे माशांचं औषध हेक्टर-मीटरला (एक हेक्टरवर एक मीटर खोल पाण्याला) एक लिटर. एक एकर आणि दीड मीटर खोल पाण्याला 600 मिली, भरपूर पाण्यात मिसळून.

मार्चनंतर पाणी कंबरेखाली गेलं की वाट बघू नका. उन्हानं तापलेल्या उथळ पाण्यात मासे वाढत नाहीत, मरतात. सात-आठ महिन्यांत अर्धा ते पाऊण किलोचे मासे मिळतात, ते पहाटे ओढून उन्हाआधी बाजाराला लावा. शेवटच्या ओढीनंतर तेच डबकं पुन्हा तपासा आणि त्यात काय राहिलं ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या मे महिन्यात किती पेंड आणायची ते त्यावरूनच ठरतं.