एकच रेडिएटर गार राहत असेल तर

थंडी पडली की या थंड देशात नव्याने राहायला आलेल्यांपैकी कुणाचा तरी फोन येतोच: बाकी घर छान गरम आहे, पण एका खोलीतला रेडिएटर (गरम पाणी आतून फिरून खोली तापवणारं पत्र्याचं पॅनेल) तापत नाही, पाणी तापवणारा बॉयलर बिघडला का? बॉयलर बिघडला असता तर घरभर गारठा झाला असता. एकच रेडिएटर तापत नसेल तर आधी त्याच्या व्हॉल्व्हकडे बघा.

रेडिएटरच्या एका टोकाला 1 ते 5 आकड्यांची मूठ असते, तो थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह. मुठीच्या आत मेण किंवा द्रव भरलेली छोटी डबी असते. खोली तापली की ते प्रसरण पावतं, खालची बारीक पिन दाबतं आणि गरम पाण्याची वाट बंद होते. खोली गार झाली की स्प्रिंग पिन वर ढकलते. उन्हाळाभर दाबलेली राहिलेली पिन कधीकधी तिथेच चिकटते. मूठ कितीही फिरवा, पाणी आत शिरत नाही.

हीटिंग चालू असताना हात लावून बघा, पण जपून, पाइप चांगलाच भाजतो. व्हॉल्व्हपर्यंतचा पाइप गरम आणि रेडिएटर पूर्ण गार, तर पिनवर संशय घ्या. वरचा भाग गार आणि खालचा गरम असेल तर आत हवा साठली आहे. खाली मध्यभागी गार लागत असेल तर गाळ बसलाय. या दोन्हींचे उपाय वेगळे, तिथे व्हॉल्व्हला हात लावू नका. आणि मुठीवर जाड पडदा पडलाय का, तेही बघा. पडद्यामागे ऊब कोंडते, व्हॉल्व्हला खोली तापली असं वाटतं आणि तो लवकर बंद होतो.

भाड्याचं घर असेल तर काही उघडण्याआधी घरमालकाला कळवा. लाजू नका, हीटिंग नीट चालणं ही तुमची गरज आहे.

स्वतः करणार असाल तर हीटिंग बंद करून सगळं निवू द्या. मूठ 5 वर फिरवा, तिच्याखालची खाचांची रिंग हाताने सैल करा आणि मूठ उचला. मधोमध पिन दिसेल. पान्याच्या सपाट बाजूने ती हळूच दाबा. चांगली पिन दोनतीन मिलिमीटर आत जाते आणि सोडल्यावर लगेच वर येते. खालीच बसली असेल तर व्हॉल्व्हच्या बाजूवर लाकडी दांड्याने हलके टिचके मारा, पिनेच्या बुडाशी सिलिकॉन स्प्रे सोडा, थोडं थांबा, मग परत दाबून सोडा. सुटेपर्यंत हेच. पक्कड लावून पिन वर ओढायची नाही, हे मी प्रत्येकाला बजावून सांगतो. काही व्हॉल्व्हमध्ये ती उपसून हातात येते आणि मागोमाग पाण्याची धार.

बॉयलरचं गरम पाणी रेडिएटरकडे की नळाच्या पाण्याकडे हे ठरवणारा, पाइपांवर बसवलेला मोटरचा व्हॉल्व्ह अडकला, म्हणजे नुसतं नळाचं गरम पाणी मागितलं तरी रेडिएटर तापू लागले, तर मात्र जाणकाराला बोलवा. तिथे वीज आहे. बॉयलरचं झाकणही स्वतः उघडायचं नाही.

उन्हाळ्यात हीटिंग बंद केलंत की सगळ्या मुठी 5 वर करून ठेवा, म्हणजे पिन वर मोकळी राहते. महिन्यातून एकदा प्रत्येक मूठ या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा.