गोदाघाटापासून प्रधान पार्कपर्यंत

महात्मा गांधी रोडवर मोबाइल घेण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी जायचेच असेल, तर ते काम दुपारवर ठेवून सकाळ जुन्या नाशकाला द्यावी. दोन्ही भाग पायी जाण्याइतके जवळ आहेत. मात्र स्वतःचे वाहन आणू नये, कारण गावठाणात ते लावायला जागा शोधण्यातच निम्मा वेळ जातो.

रिक्षाने पंचवटीत काळाराम मंदिरापाशी उतरावे. दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी येथेच सत्याग्रह सुरू झाला. तेथून घाटावर आल्यावर नारोशंकराच्या मंदिरावरील घंटा पाहावी. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, त्या विजयाशी तिचे नाते सांगितले जाते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग चालू असेल, तर घाटावर उतरू नये. पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले की गळ्याशी आले, यावरून नाशिककर पूर मोजतात आणि ते आणखी चढू लागले, की पलीकडच्या भांडी बाजारातील व सराफ बाजारातील दुकानदार माल हलवायला घेतात. एरवी पूल ओलांडून याच बाजारांतून चालावे, वाटेत पेशवेकालीन सरकारवाडा पाहावा आणि मेन रोडवरून महात्मा गांधी रोड गाठावा.

या रस्त्यावरील प्रधान पार्क या मोबाइल दुकानांच्या संकुलात आणि आसपासच्या गाळ्यांत पहिल्याच दुकानी व्यवहार करू नये. किमान तीन ठिकाणी भाव विचारावा, आणि तोही पक्क्या बिलासह, कारण बिलाशिवायचा स्वस्त भाव पुढे वॉरंटीच्या वेळी महाग पडतो. वापरलेला फोन घेताना त्यावर *#०६# दाबून येणारा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, बिलावरील व खोक्यावरील क्रमांकाशी जुळवावा. शिवाय ‘केवायएम’ ही रोमन अक्षरे आणि त्यापुढे तो क्रमांक लिहून १४४२२ वर संदेश पाठवावा. फोन काळ्या यादीत असल्याचे उत्तर आले, तर सौदा तेथेच सोडावा. चार्जरवर आणि पॉवर बँकेवर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक छापलेला असावा. डिस्प्ले बदलायचा असल्यास तो ओरिजनल आहे की कॉपी, हे काम सुरू होण्यापूर्वी बिलावर लिहून घ्यावे, दुरुस्ती समोर बसून करून घ्यावी आणि काढलेला जुना डिस्प्ले परत मागावा.