संस्थानाचे कोश आणि सूची लोकांपर्यंत पोचवायचे कसे

मठ, संस्थानं वर्षानुवर्षं खपून चरणसूची (अभंगांतल्या चरणांची अक्षरक्रमाने यादी), कोश, पाठभेदांसकट (जुन्या प्रतींतल्या शब्दांच्या फरकांसकट) संशोधित पोथी काढतात, प्रकाशन थाटात होतं, पाहुण्यांना शाल-श्रीफळासोबत एकेक प्रत जाते आणि उरलेले गठ्ठे कोठीत पडून राहतात. ज्याला खरंच गरज आहे त्याला असं पुस्तक निघालंय हेच माहीत नसतं, याचं फार वाईट वाटतं.

आधी डीटीपीवाल्याकडून मूळ फाइल मिळवा. ती बहुतेक जुन्या फॉन्टमध्ये असते, तशीच नेटवर टाकली तर सर्चमध्ये काही म्हणजे काही सापडत नाही, म्हणून युनिकोडमध्ये (कुठल्याही मोबाइल-कॉम्प्युटरवर वाचता, शोधता येणाऱ्या अक्षरांत) कन्व्हर्ट करून घ्या आणि नंतर प्रूफ परत वाचा, रफार आणि जोडाक्षरं हमखास मोडतात. नुसती स्कॅन केलेली पीडीएफ पुरत नाही. सूची कोणी पहिल्या पानापासून वाचत नाही हो, त्यात शोधतात!

इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाचं काम बघा. 1954-56 साली रंगूनला झालेल्या छट्ठ संगायनाचा (बौद्ध भिक्खूंच्या सहाव्या संगीतीचा) पाठ धरून त्यांनी पाली तिपिटक (बौद्धांचे मूळ ग्रंथ), त्यावरच्या अट्ठकथा म्हणजे भाष्यं आणि त्यांवरच्या टीका असं देवनागरीत 140 खंडांत छापलं, आणि तोच मजकूर सीडीवर, पुढे नेटवर फुकट दिला, शिवाय सिंहली, थाई, बर्मी, रोमन अशा हव्या त्या लिपीत वाचता येतो. असं पाहिजे.

हक्कांचं आधीच बघून घ्या. लेखक वारल्यावर पुढच्या वर्षापासून 60 वर्षं कॉपीराइट असतो, तेव्हा वारसांकडून लेखी परवानगी घ्या. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) आपल्याकडे फुकट मिळतो. 1954 च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि आणखी तीन ग्रंथालयांत प्रत द्यावी लागते, ती चुकवू नका.

आता प्रचार. ग्रुपवर नुसतं मुखपृष्ठ टाकून कोणी हलत नाही, त्यापेक्षा आतलं एक पान टाका. कीर्तनकाराला मधला चरण आठवतो पण अभंगाची सुरुवात आठवत नाही, तिथे चरणसूची कशी कामाला येते ते आषाढीच्या आधी एका चरणावर दाखवा. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी प्रती स्वतः नेऊन द्या. आणि कुठली गाथा धरली ते पहिल्याच पानावर ठळक लिहा, तुकोबांच्या 4607 अभंगांच्या सरकारी गाथेतला नंबर दुसऱ्या गाथेत भलताच निघतो आणि शोधणारा वैतागून सूचीच मिटून ठेवतो.

चुका कळवायला एक ईमेल द्या, शुद्धिपत्र नेटवरच्या प्रतीला जोडत जा, तारीख टाकून.